क्रॅबथॉर्नांचा दहावा आणि शेवटचा

मी एकदा एक बॅरोनेट तयार केला. इंग्लंडच्या राणीला न विचारता, रायस्वाइकमधल्या माझ्या जेवणाच्या टेबलावर, शेजारी शेंगदाण्याच्या चटणीची बाटली ठेवून. हा मान माझ्या माहितीत दुसऱ्या कुठल्याही मराठी माणसाकडे नाही. बॅरोनेट फार टिकला नाही, एका बाईंनी त्याला आठवडाभरात मारून टाकलं. पण त्यावरून कंपनीत माझं जे नाव झालं ते निवृत्त होईपर्यंत पुसलं गेलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते पुसलं जावं असं मला कधी वाटलंही नाही.

माझं काम वंशवृक्ष बनवण्याचं. मूळचा मी पुण्याचा साधा प्रोग्रामर. एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर नेदरलँड्सला आलो, प्रोजेक्ट संपलं, मी उरलो. तेव्हा हेंक नावाच्या एका डच माणसाच्या छोट्या कंपनीत लागलो. ही कंपनी घराण्यांचे वृक्ष काढायचं सॉफ्टवेअर बनवायची आणि हौशी गिऱ्हाइकांना आख्खा वृक्ष तयार करून, छापूनही द्यायची. इथला माणूस निवृत्त झाला की एकतर महागडी सायकल घेतो, नाहीतर पूर्वज. सोयही चांगली आहे. खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जन्म, लग्नं आणि मृत्यू दोनशे वर्षं नीट मांडून ठेवलेले. गिऱ्हाईक नावं आणायचं, आमची माणसं ती तपासायची आणि मी ती प्रोग्राममध्ये जोडायचो.

गिऱ्हाइकं एकेक नग. मास्ट्रिख्टच्या एका प्राध्यापकांची खात्री होती की आपण कुठल्या तरी सरदाराचे वंशज. शोधलं तर बापापासून खापरपणजोबांच्याही पलीकडे सगळे पाववाले. प्राध्यापक म्हणाले, "काहीतरी चुकतंय." त्यांची बायको म्हणाली, "मुळीच नाही. हा पहाटे चारला उठून घरभर का फिरतो, ते आज कळलं."

चुका मीही कमी केल्या नाहीत. इथे वाढदिवस असला की ज्याचा असतो त्याचंच नव्हे, त्याच्या आई-बापाचं, मावशीचं, मेहुण्याचंही अभिनंदन करतात. ते बघून मला कल्पना सुचली. प्रोग्राममध्ये नोंदलेल्या माणसाचा वाढदिवस आला की त्याच्या सगळ्या नातेवाइकांना आपोआप अभिनंदनाचा ईमेल जाईल! फक्त माणूस जिवंत आहे का, हे विचारायला मी प्रोग्रामला सांगितलं नाही. एका सकाळी शेकडो डच कुटुंबांना दोनशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या आजीबाईंबद्दल मनःपूर्वक अभिनंदन मिळालं. हेंकने मला बोलावून शांतपणे विचारलं, "अरविंद, केक कुठाय?"

असो. मुद्दा बॅरोनेटचा.

बॅरोनेट म्हणजे काय हे मलाही ठाऊक नव्हतं. इंग्लंडात लॉर्ड वगैरे मोठी मंडळी असतात, त्यांच्या खालची ही पायरी. फार पूर्वी एका राजाला पैशांची नड होती, त्याने ही पदवी काढली आणि ऐपतदारांना दिली. पदवीबरोबर जमीन नाही, सत्ता नाही. नावाआधी 'सर' लागतं, बायकोच्या नावाआधी 'लेडी', आणि ते बापाकडून मुलाकडे पिढ्यान्‌पिढ्या जातं. ही साखळी दोन तऱ्हांनी थांबते. वारस कुठेतरी असेल पण सिद्ध झाला नाही, तर पदवी सुप्त. वारसच उरला नाही, तर लुप्त. सुप्तातून कधीमधी कोणी जागा होतो. लुप्तातून कोणी परत येत नाही.

करोना यायच्या जरा आधी, फेब्रुवारीत, योस्ट क्रॅबथॉर्न नावाचा माणूस आमच्या ऑफिसात आला. साधारण माझ्याच वयाचा, आर्नहेमच्या शाळेत भूगोल शिकवणारा, अंगात भडक पिवळं जाकीट. त्याचे वडील एडमंड हे क्रॅबथॉर्न घराण्याचे दहावे बॅरोनेट. तरुणपणी विजेच्या कंपनीत इंजिनिअर म्हणून आर्नहेमला आले, मारायके नावाच्या डच मुलीच्या प्रेमात पडले आणि तिथेच राहिले. इंग्लंडातली जमीन आजोबांच्याच काळात विकली गेलेली. उरलं होतं ते 'सर', आणि तेही शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. शेजारी त्यांना मेनेयर, म्हणजे नुसतं मिस्टर, एडमंड म्हणत आणि बिघडलेले रेडिओ आणून देत. आता मारायके नव्हती, आणि सर एडमंड एका नर्सिंग होममध्ये वरच्या मजल्यावर राहत होते. मे महिन्यात त्यांना नव्वद पूर्ण होणार होती.

"वृक्ष कशासाठी हवाय?" मी विचारलं. हे मी प्रत्येकाला विचारायचो. लोक खरं कारण तिसऱ्या वाक्यात सांगतात.

"वाढदिवसाची भेट," योस्ट म्हणाला. मग म्हणाला, "पपांना घराण्याच्या गोष्टी आवडतात." मग जरा थांबून म्हणाला, "आमच्याकडे पाहुणे आले आणि पदवीचा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, तुमच्यानंतर कोण? पपा हसून सांगतात, कोणी नाही, माझ्यावर संपलं. खरंच आहे ते. मी बटाट्यांचं भांडं पुढे सरकवतो."

"का? तू आहेस ना?"

"मी दत्तक आहे," तो म्हणाला. "तीन वर्षांचा होतो तेव्हापासून."

मी मान डोलावली आणि फॉर्मवर लिहिलं: मुलगा, योस्ट. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

पुढच्याच महिन्यात सगळं बंद झालं. दीड मीटरचं अंतर आलं, नर्सिंग होमची दारं पाहुण्यांना बंद झाली, आणि आमचं ऑफिस माझ्या जेवणाच्या टेबलावर आलं. टेबलाची दुसरी बाजू माझ्या बायकोची, सुलभाची. ती एका लॉजिस्टिक्स कंपनीत टेस्टिंग करते. तिच्या मीटिंगमध्ये माझे मेलेले इंग्रज ऐकू जायचे आणि माझ्या गिऱ्हाइकांना तिचे हरवलेले कंटेनर.

वृक्ष मी मन लावून केला. पहिला बॅरोनेट, ज्याचं जुनं तैलचित्र योस्टने पाठवलं होतं, लालबुंद तोंडाचा, कोणाचं देणं बुडवल्यासारखा बघणारा. तिसरा, जो शिकारीत स्वतःच्याच घोड्यावरून पडून मेला. सहावा, ज्याला आठ मुली झाल्या आणि मग पुतण्याकडे पदवी गेली. प्रोग्राममध्ये मी एक खास सोय केली होती: एकदा पदवी आणि तिचे नियम भरले की कोण कितवा हे तो आपण होऊन लिहायचा. सगळं भरून झाल्यावर मी बटण दाबलं आणि सगळ्यात खाली ठसठशीत अक्षरं उमटली: सर योस्ट क्रॅबथॉर्न, अकरावा बॅरोनेट (भावी).

मला काय आनंद झाला! सुलभाला म्हटलं, "बघ, बघ."

तिने इयरफोन न काढता मान वळवली. "छान. त्यांना माहितीये का?"

योस्टने कच्चा वृक्ष तपासायला एक नाव दिलं होतं, इंग्लंडातल्या मिसेस बिअट्रिस यांचं. एडमंडची चुलत बहीण, वय ऐंशीच्या पुढे, घराण्यातलं सगळं तिला तोंडपाठ. तिला फाईल पाठवली. दुसऱ्या दिवशी फोन वाजला.

"यंग मॅन," बाई म्हणाल्या.

मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. मी फोन स्पीकरवर टाकला, सुलभाने ऐकावं म्हणून.

"यंग मॅन, तुम्ही एक बॅरोनेट पैदा केलाय."

"थँक यू, मॅडम."

"ती तारीफ नव्हती. योस्ट दत्तक आहे."

"हो. मग?"

"मग? मग म्हणजे काय?"

आता हे 'मग' माझ्या तोंडून का निघालं ते सांगायला हवं. मी करंबेळकर आहे तो दत्तकामुळे. माझे आजोबा जन्माने साठे. लहानपणी करंबेळकरांच्या मांडीवर बसले, होम झाला, गोत्र बदललं आणि विषय मिटला. माझे वडील श्राद्धाला नावं घेत ती करंबेळकरांची. साठ्यांचा उल्लेख आमच्या घरात फक्त आंब्याची पेटी कुठून आली हे सांगताना व्हायचा. दत्तक मुलगा हा मुलगा असतो, यात सिद्ध करण्यासारखं काही असतं, हेच मला कधी सुचलं नव्हतं. त्यामुळे प्रोग्राममध्ये 'जन्माने की दत्तक' असा जो चौकोन होता, तो मी इतकी वर्षं न बघताच पुढे जायचो. डच गिऱ्हाइकांत त्याने कोणाचं अडलं नव्हतं. इथे अडलं.

बाईंनी मला नियम समजावला. पदवी फक्त घराण्यातल्या औरस पुरुषाला. दत्तकाला नाही. कधीच नाही.

माझ्यातला शाळेतला इतिहास उफाळून आला. "मॅडम, तुम्ही लोकांनी आमच्या राजांचे दत्तक असेच नामंजूर केलेत आणि राज्यं घेतलीत!"

"मी?" बाई म्हणाल्या. "मी तेव्हा जन्मलेही नव्हते, मिस्टर कॅरम... मिस्टर के. आणि आमचं राज्य कोणी घेतलं नाही, आमचं आम्हीच विकून खाल्लं."

सुलभा तोंडावर हात ठेवून हसत होती. तिच्या मीटिंगमधले लोक विचारत होते काय झालं.

बाईंचं म्हणणं स्पष्ट होतं. अकरावा काढून टाका. एडमंडच्या खाली 'लुप्त' लिहा. आणि योस्टला ठेवायचंच असेल तर ठिपक्यांच्या रेघेने जोडा, रीतसर पद्धतीप्रमाणे. वृक्षाची एक प्रत घराण्याच्या जुन्या गावातल्या चर्चमध्ये लागणार होती, तिथे थट्टा नको.

पहिल्या दोन गोष्टींवर वाद घालायला जागा नव्हती. कायदा तोच होता, छापलेल्या वृक्षात खोटं चालत नाही. माझा बॅरोनेट मी स्वतःच्या हाताने पुसला. अडलं ते ठिपक्यांवर. हेंकला विचारलं तर तो म्हणाला, "आपल्याकडे दत्तक म्हणजे ठिपके. सगळीकडेच तसं असतं. त्यात काय?"

त्यात काय हे मला नीट सांगता येईना. मी प्रोग्राममध्ये ठिपके लावून बघितले. क्रॅबथॉर्नांच्या काळ्या जाड रेघा खाली येत होत्या आणि एडमंडपासून योस्टपर्यंत टिंबं टिंबं, कोणी मीठ सांडल्यासारखी. ते बघून मला आमच्या घरातल्या देवघरासमोर बसलेले वडील दिसले. त्यांच्या आणि त्यांच्या आजोबांच्या मध्ये कोणी अशी टिंबं काढली असती तर म्हाताऱ्याने पळी फेकून मारली असती.

मी योस्टला फोन केला आणि जे झालं ते सांगितलं. अकराव्याचं ऐकून तो खूप हसला. ठिपक्यांचं ऐकून हसला नाही. म्हणाला, "बिअट्रिसचं बरोबर आहे. पद्धत असेल तर तसंच कर. फक्त लवकर कर, अरविंद. पपांच्या मजल्यावर दोघं गेली या आठवड्यात. मी खिडकीखाली उभा राहून फोनवर बोलतो, ते वरून हात करतात. मेपर्यंत काय होईल सांगता येत नाही."

त्याने भांडायला हवं होतं असं मला वाटलं. तो भांडला नाही, म्हणून मीच भांडायला बसलो.

लुप्त घराण्यांसाठी माझ्या प्रोग्राममध्ये आणखी एक बटण होतं. ते दाबलं की पदवी ज्यांना ज्यांना मिळाली तेवढेच उरायचे, बाकी सगळे गायब. इतिहासाच्या लोकांना ते आवडायचं. मी 'लुप्त' हा शेवट नीट बसतोय का बघायला ते दाबलं. पडद्यावर दहा पुरुष उरले, एकाखाली एक, सोसायटीच्या पाटीवरच्या नावांसारखे. बायका नाहीत. आया नाहीत. सहाव्याच्या आठ मुली नाहीत. एडमंडचे स्वतःचे वडीलही नाहीत, कारण ते मोठ्या भावाच्या आधी वारले, पदवी त्यांच्या हाती आलीच नाही. एडमंड थेट काकाच्या खाली लटकत होता.

आणि तो काका, नववा बॅरोनेट, त्याच्या शेजारी आणखी एक जागा रिकामी झालेली मला दिसली. त्या काकाला एकच अपत्य होतं. बिअट्रिस.

हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं! सगळा वृक्ष माझ्या हाताखालून गेला होता आणि मी आंधळ्यासारखा जोडत गेलो होतो. पदवी बाईंच्या वडिलांची होती. बाई मुलगा असत्या तर दहाव्या बॅरोनेट त्याच. नव्हत्या, म्हणून ती आर्नहेममधल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चुलतभावाकडे गेली.

मी बाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या नातीने टॅबलेट धरून दिला. स्क्रीनवर आधी छत दिसलं, मग बाईंचं कपाळ.

"मॅडम, तुमच्या नियमाने केलेला वृक्ष दाखवतो," मी म्हटलं आणि दहा पुरुषांची रांग पुढे केली.

त्या चष्मा पुसून बघत राहिल्या. "मी कुठे आहे?"

"नाही आहात."

"आई?"

"नाहीत."

"हे कसलं झाड?" नात मागून म्हणाली. "हा तर खांब आहे."

बाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला. सुलभाने तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून मला चिठ्ठी सरकवली: *रडवू नका त्यांना.* माझं तसं काही करायचं मनात नव्हतं. मला खरं म्हणजे आपण चुकीचं बटण दाबून मोठा शहाणपणा केला असं वाटत होतं.

"वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते," बाई म्हणाल्या. "सगळे एडमंडला 'सर' म्हणायला लागले. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, बी, मला माफ कर. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. तेव्हापासून मी तेच म्हणत आलेय, मिस्टर के. माझ्यासाठी जो वाकला नाही तो त्या मुलासाठी का वाकावा?"

"पदवी नका वाकवू," मी म्हटलं. "पदवी संपू दे. पण तुम्ही एडमंडला चुलत बहीण आहात, हे तरी नियमाने बंद केलेलं नाही ना?"

"नाही."

"मग मी तुम्हाला परत घालतो. तुमची मुलं, ही नात, सगळे."

"घाला."

"आणि योस्ट?"

"ठिपक्यांनी."

"मग तुम्हालाही ठिपके. पदवी तुमच्याकडेही आली नाही."

नात जोरात हसली. बाई स्क्रीनच्या इतक्या जवळ आल्या की फक्त एक डोळा दिसत होता. "तुम्ही उद्धट आहात."

"हो, मॅडम. बायकोही तेच म्हणते."

"ती शेजारी आहे का? तिला नमस्कार सांगा." मग म्हणाल्या, "सरळ रेघ. दोघांनाही. पण एडमंडच्या खाली 'लुप्त' स्पष्ट दिसलं पाहिजे. खोटं नको."

त्या कबुलीतूनच माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम झालं. आजवर आम्ही घराणं आणि पदवी एकाच रेघेने काढत होतो, म्हणून एक संपली की दुसरं संपल्यासारखं दिसायचं. मी त्या वेगळ्या केल्या. माणसांची रेघ काळी, सरळ, सगळ्यांना सारखी, मग ते जन्माने आलेले असोत, लग्नाने आलेले असोत की मांडीवर बसून. पदवीची रेघ लाल, बारीक, काळीच्या कडेने जाणारी. लाल रेघ घरातून घरात उड्या मारत एडमंडपर्यंत आली आणि थांबली. तिच्या टोकाला लहान अक्षरात 'लुप्त'. काळी रेघ थांबली नाही.

हेंकने बघितलं, बराच वेळ बघितलं आणि एकच शब्द बोलला, "नेट्येस." म्हणजे नीटनेटकं. डच माणूस यापेक्षा जास्त स्तुती करत नाही. पुढे ती लाल-काळी पद्धत कंपनीने सगळ्यांसाठी ठेवली. आजही मोठमोठ्या घराण्यांचे वृक्ष तशाच रेघांनी छापले जातात, आणि त्यांच्यातल्या कोणाला ठाऊक नाही की ती रीत कोकणातल्या एका दत्तकाच्या नातवाची आहे. मला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी डोळे पुसायला नको. सर एडमंड पुढच्या वर्षी गेले. करोनाने नव्हे, झोपेत. त्या दिवशी क्रॅबथॉर्नांची पदवी लुप्त झाली, इंग्लंडातल्या पेपरात दोन ओळी आल्या, आणि बिअट्रिसबाईंनी मला मुद्दाम फोन करून त्या वाचून दाखवल्या. सगळं बरोबर छापलंय, म्हणाल्या. मला एकच चुटपुट राहिली. ज्याच्या घरातल्या तीनशे-साडेतीनशे वर्षांत मी महिनेच्या महिने राहिलो, त्या माणसाचा हात मला कधी हातात घेता आला नाही. आमच्या मध्ये कायम काच होती.

आता वाढदिवस.

वृक्ष छापायचा कसा, हा प्रश्न होता. नर्सिंग होमच्या आत कोणाला सोडत नव्हते. योस्टला वाटत होतं की खिडकीखालच्या हिरवळीवरून तो वडिलांना दाखवावा. मी लगेच हिशेब मांडला, वडील वरच्या मजल्यावर, म्हणजे अक्षर मोठं हवं. बॅनर छापणाऱ्या एका दुकानदाराला गाठलं. सगळे मेळे आणि लग्नं रद्द झालेली, तो कामाला इतका आसुसलेला की त्याने कडांना लोखंडी कड्या फुकट लावून दिल्या. बॅनर खोलीच्या भिंतीएवढा उंच झाला, सगळ्यात वर पहिल्या बॅरोनेटचं तैलचित्र. हा बॅनर उभा कशाला टांगायचा, याचा विचार मी केलाच नव्हता. त्या दिवशी सुलभा आणि मी तो घेऊन नर्सिंग होमला पोचलो, तर हिरवळीवर ना झाड, ना खांब.

"तू इंजिनिअर आहेस ना?" योस्टने विचारलं.

"सॉफ्टवेअरचा."

"हे कापड आहे."

शेवटी आम्ही तो गवतावर अंथरला. आणि वरच्या खिडकीतून बघणाऱ्याला तो भिंतीवर टांगल्यासारखा सरळ दिसायला लागला! पुढे हेंकने विचारलं तेव्हा मी सांगितलं की बेत पहिल्यापासून तोच होता.

खिडकीत सर एडमंड आले. बारीक, टक्कल पडलेले, गळ्यात टाय, हातात दुर्बीण. शेजारी मास्क लावलेली नर्स. योस्टने खिशातला फोन स्पीकरवर टाकला. सुलभाने तिच्या फोनवर बिअट्रिसबाईंना घेतलं होतं आणि त्या तिथून हुकूम सोडत होत्या. "डावीकडे. आणखी डावीकडे. मला फक्त गवत दिसतंय."

आणि मग वारा सुटला. इथला वारा तुम्हाला सांगून समजणार नाही, तो समोरून येतो आणि मागूनही. कापडाची एक कड उचलली गेली, सहाव्याच्या आठ मुली हवेत फडफडल्या. सुलभा ओरडली, "अहो, पाय द्या, पाय!" मी धावत जाऊन लांबच्या टोकावर उभा राहिलो. योस्टने इमारतीजवळचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं, गवतावर गुडघे टेकून. पिवळं जाकीट फुग्यासारखं फुगलं होतं.

फोनमधून सर एडमंडचा आवाज यायला लागला. दुर्बिणीतून वाचत होते, सावकाश, प्रत्येक नावावर काहीतरी बोलत. तिसरा आला तेव्हा म्हणाले, "गाढव. घोडा शहाणा होता." स्वतःच्या वडिलांच्या नावावर थांबले. मारायकेच्या नावावर त्याहून जास्त थांबले. "बी पण आहे," म्हणाले. "तिच्या पोरांसकट. बरं झालं."

"मी इथेच आहे, एडमंड," सुलभाच्या हातातून बाई म्हणाल्या. "ऐकतेय."

मग ते लाल रेघेच्या टोकाशी आले. लुप्त, त्यांनी वाचलं. दुर्बीण तिथेच राहिली. योस्ट खाली मान घालून कापड दाबून होता. मला काळ्या रेघेचं सगळं समजावून सांगायची अशी उबळ आली की मी तोंड उघडलंही, पण सुलभाने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

नर्सने त्यांना काहीतरी विचारलं. मास्कमुळे आम्हाला ऐकू आलं नाही. सर एडमंडचं उत्तर मात्र आलं, कारण फोन त्यांच्या दुसऱ्या हातात होता.

"माझ्यानंतर? तो काय, तो. पिवळ्या जाकिटातला, वाऱ्याशी मारामारी करतोय तो."

योस्टने वर बघितलं. त्याला हात करायचा होता, पण हात काढले असते तर कापड उडालं असतं. त्याने नुसतीच मान हलवली, दोनदा, तीनदा, आणि वरून म्हाताऱ्यानेही हलवली. दोघं तसेच एकमेकांकडे बघत राहिले.

मग दुर्बीण वर सरकली, कापडाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि माझ्यावर येऊन थांबली.

"योस्ट, तो सभ्य गृहस्थ कोण?"

"ज्याने हे बनवलं तो, पपा."

"उत्तम काम आहे. त्याला माझे आभार सांग. आणि हेही सांग, की तो पहिल्या बॅरोनेटच्या तोंडावर उभा आहे."

मी खाली बघितलं. खरंच होतं. माझ्या बुटाखालून तैलचित्रातला एक डोळा माझ्याकडे रागाने बघत होता. मी वर बघून हात जोडले.

पाय मात्र काढला नाही. वारा अजून होता.